एकोणसाठ बाकी

लिल्लेवेर बेटावर आता एकच चूल पेटते,
आस्लाउग आत्याची.
मी ट्रॉन्डहाइमहून आलो तो कागद घेऊनच:
घर, धक्का, खडकांसकट किनारा,
सगळ्याचा आकडा काढून.
विमा कंपनीत असतो मी.
कशाचं किती, हे सांगण्यावर माझं पोट आहे.

आत्या दारात नव्हती.
खडकांत ओणवी होऊन
वाहून आलेल्या फळ्यांची बुटकी खोपटी सावरत होती,
आत वाळकं समुद्रशेवाळ अंथरत होती, झटकून, हुंगून,
बाळंतिणीची खोली लावावी तसं.
चौदा खोपटी.
अकरा वर्षांत एकही आयडर बदक आलेलं नव्हतं.
"मग कशाला?"
"आली, आणि जागा नसली तर?"
वर मलाच शेवाळाचं पोतं धरायला लावलं.

दुसऱ्या दिवशी एक आली.
करडी, दमलेली, फेंगडी चालणारी.
चौदातल्या एकाही खोपटाकडे तिनं पाहिलं नाही.
थेट जनरेटरच्या छपराखाली शिरली,
तेलाच्या डब्यामागे,
आणि स्वतःच्या छातीची लव उपटून उपटून
घरटं भरू लागली.

आत्यानं जनरेटर बंद केला.
"किती दिवस?"
"महिनाभर. पुढे तिची मर्जी."
रात्र नव्हतीच त्या दिवसांत, दिव्यांचं काही अडलं नाही.
अडलं ते फ्रीझरचं.
वर्षाची कॉड तिनं खारवली, जमेल तेवढी,
उरलेली पलीकडच्या खडकावर समुद्रगरुडाला टाकून आली:
"तिकडे पोट भरलं की इकडे नाही यायचा."
मी मनात नुकसान मांडत राहिलो. सवय.
परतीच्या होडीलाही इंजिन होतं,
तेव्हा मीही अडकलो.

दार वाजलं, तर बिजागरीला तेल.
लाकूड फोडायचं नाही. धुणं घरातच.
भांडलोसुद्धा आम्ही कुजबुजत.
"एका बदकासाठी?"
"तू या घरात जन्मलास," ती कुजबुजली,
"तेव्हा माझ्या बापानं धक्क्यावरची ठोकाठोक
बारा दिवस थांबवली होती. होडी अर्धी राहिली त्याची.
एका पोरासाठी, असं कोणी म्हणालं नाही."
यावर कुजबुजण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

जून सरता सरता ती निघाली,
मागून तीन पिल्लं, धक्क्यावरून गडगडत पाण्यात.
वळून पाहिलं नाही.
आत्याही हात हलवायला थांबली नाही,
डब्यामागची लव गोळा करत बसली, काटक्या निवडत.
मी ती स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवली.
काटा हलला नाही.
मुठीत धरली, तर तळवा तापला.

"साठ घरट्यांची एक दुलई होते," आत्या म्हणाली.
बिस्किटांच्या डब्यात ती मूठभर ऊब ठेवून
झाकण लावलं.
"म्हणजे एकोणसाठ बाकी."
अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे ती.

कागद अजून बॅगेत आहेत.
संध्याकाळी जनरेटरची दोरी ओढायला गेलो,
आणि ओढण्याआधी
तेलाच्या डब्यामागे वाकून पाहिलं.