एळु

वडगावात यंत्रमागांच्या शेडवर एक माडी.
मॅच असली की खालचे माग बंद ठेवतात,
नाहीतर धडधडीनं चेंडू आपोआप चालतात.
तासाला दोनशे, शेडमालकाला.
शांतता इथं विकत घ्यावी लागते.

दस्तगीर बेपारी आठ गुणांनी मागे.
टेबलावर गुलाबी आणि काळा, बस्स.
शेजारी खानापूरचा पाव्हणा कुजबुजतो,
"काय करूलालाय ह्यो? मारीना का झाला?"

मारणं सोपं, पाव्हणं.
गुलाबी पडला, तो कुणी बघितलासुद्धा नाही.
सगळ्या माना पांढऱ्याच्या मागून गेल्या,
कुशनला लागून परत, हळू, अजून हळू,
आणि हवा होता तिथून वीतभर अलीकडेच
तो थांबला.

"आरु," मार्कर इराप्पा म्हणाला.

आता टेबलाकडे नको, त्या खुर्चीकडे बघा.
नागेंद्र हुंदरे. क्यू गुडघ्यांत.
पाण्याचा ग्लास उचलतो, न पिताच ठेवतो.
ज्याच्या हातात काही उरलेलं नाही
त्याच्याच अंगात सगळा खेळ शिरलाय.

दस्तगीर वाकतो. उठतो. पुन्हा खडू.
डाव्या खिशाकडं टेबल केसभर उतरतं
हे सगळ्या गल्लीला ठाऊक;
तो उतार धरून मारणार, का चुकवून,
हे त्याला तरी कुठं ठाऊक!

जिन्यात मागावरची पोरं उभी,
भुवयांवर सुताचा भुसा.
पाव्हणा आता काही विचारत नाही,
माझं मनगट मात्र त्यानं घट्ट धरलंय.

काळा निघाला.
इराप्पानं तोंड उघडलंय,
एळु म्हणायला
का अय्यो