कोणीतरी आधीच गातंय

शंकरपट संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी
कापगतेंनी राईस मिल तीन दिवस बंद ठेवली आमच्यासाठी.
भिंतीला कोंड्याची पोती, दारावर दोन गाद्या,
पत्र्यावर तणस, आवाज माघारी येऊ नये म्हणून.
पोरांना दहा-दहा रुपये देऊन
आखरापर्यंतच्या कोंबड्या डालग्यांखाली झाकल्या.
पुण्याची शाल्मली हे सगळं कॅमेऱ्यात घेत होती.
म्हणाली, सिनेमा नाटकावर नाही,
नाटकातली पदं रेकॉर्ड होताहेत, त्यावर आहे.
तुम्ही नेहमीसारखं वागा.

नेहमीसारखा मी खड्ड्यात असतो.
मंचाच्या तोंडाशी, कमरेइतक्या खोल,
मांडीवर वही, हातात बॅटरी.
रात्री दहापासून झुंजूमुंजू होईस्तोवर
राजाचं, राणीचं, दारुड्याचं वाक्य
आधी माझ्या ओठांवर येतं, मग त्यांच्या.
बावीस हंगाम.
पुढच्या रांगेतले लोक माझं टक्कल ओळखतात.

पहिल्या टेकला इंजिनिअरनं हेडफोन काढला.
कोणीतरी आधीच गातंय.
दुसऱ्या टेकलाही. तिसऱ्याला तर
मी ओठ दाताखाली धरले होते, तरी.
त्यानं हात जोडले,
काका, बाहेर बसा.

बाहेर धान मोजायच्या काट्यावर बसलो.
एकसष्ट किलो.
आत पेटी, क्लॅरिओनेट, ढोलक,
आणि शेवंता गेडाम, जिनं हे पद
कितीक मंडयांत गायलं, तापातही गायलं,
दुसऱ्या कडव्याच्या दाराशी थांबली.
पुन्हा पेटी. पुन्हा तिथंच.
गादीपलीकडून तिचा आवाज:
"मले शब्द येतात जी,
पण ते खालून येतात."

मग मला आत घेतलं.
तिच्या पायाशी मांडी घालून बसलो,
वही न उघडता, आवाज न करता
नुसते ओठ हलवत.
ती खाली बघून गायली.
शाल्मलीचा कॅमेरा माझ्या तोंडाच्या इतका जवळ
की काचेवर वाफ धरली.

उन्हाळ्यात शाळेच्या पटांगणात चादर बांधून
तो सिनेमा दाखवला.
चादरभर माझं तोंड, मुकं,
आणि सगळीकडून शेवंताचं गाणं.
कोणी शिट्टी मारली.
बायको कानाशी येऊन म्हणाली,
हा वरचा दात कधी पडला हो तुमचा?

मी आठवू लागलो.
अंधारात खाली बघितलं.
कोणी सांगेना.