उतरताना घ्या

एकतीस वर्षं मी तिकिटं फाडली,
अमळनेर–चोपडा, अमळनेर–पारोळा–धुळे,
आणि ज्याला द्यायला सुट्टे नसत
त्याच्या तिकिटामागे बाकी लिहून म्हणालो,
उतरताना घ्या.

आता कात्री कोकिळेच्या हातात.

धुळे रोडला काचेच्या दाराचा नवा बाजार उघडला
तेव्हा रोजच्या पेपरातून कूपनं गळायला लागली,
भुईमुगाच्या फोलपटांसारखी, घरभर.
पहिल्या महिन्यात मी एकटाच गेलो, ऐटीत,
आणि टोमॅटो सॉसच्या चार बाटल्या घेऊन आलो.
दोनवर दोन फुकट.
आमच्या घरात, जिथे कळण्याच्या भाकरीवर
तेल आणि ठेचा यापलीकडे
काही ओतलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

ती ओरडली नाही.
बाटल्या ओट्यावर ओळीनं उभ्या केल्या,
उशिरा आलेल्या पोरांसारख्या,
आणि म्हणाली,
‘ज्याले जावानंच नही,
त्याले अर्धं तिकीट कसाले?’

एवढं सरळ वाक्य
डेपोतल्या एकाही साहेबाला सुचलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी तिनं माळ्यावरून
माझी तिकिटांची पत्र्याची पेटी काढली,
मशीन आलं तेव्हा जमा करायची राहून गेलेली.
जिथे दोनाच्या, पाचाच्या गड्ड्या असायच्या
तिथे आता तेल, चहा, तूरडाळ, अंगाचा साबण.
प्रत्येकामागे शिसपेन्सिलीनं शेवटची तारीख.
टाचणी त्यांनाच,
ज्यांची नावं यादीत आधीपासून होती.
यादी आधी, कूपन मागून.
रांग मोडून चढणाऱ्याला ती खाली उतरवते,
मलाही.

निघण्याआधी रिक्षाचे जाऊन-येऊन चाळीस धरते.
वाचणार पंचवीस, तर पेटी बंद.
तेलाचं कूपन चहाच्या कूपनासाठी थांबतं,
चहाचं साबणासाठी;
काळीपिवळीवाला सीट भरल्याशिवाय हलत नाही, तसं.
आणि मोठं पाकीट स्वस्त की लहान,
हे ती शंभर ग्रॅमला पाडून बघते
तिथेच, भर गर्दीत, ओठ हलवत.
मागचे लोक चुळबुळतात.
आधी मला लाज वाटायची,
मी बिस्किटांकडे बघत उभा राहायचो.
आता पिशवी धरून उभा राहतो.

एकदा उडदाच्या डाळीचं आलं,
किलोमागे अठरा रुपये.
मी स्वतः नीट कापून तिच्यापुढे ठेवलं.
तिनं ते पेटीत घेतलं नाही.

संपाचे ते महिने. पगार नाही,
दारात दूधवाल्याची सायकल थांबली की पोटात गोळा.
तेव्हा मुरलीशेठ कोठावदेंनी
उडीद, ज्वारी, मीठ पुड्यांत बांधून दिलं,
काही वहीत लिहिलं,
काही लिहायचं विसरले, मुद्दाम.
डाळ अजून तिथूनच येते.
मी म्हणालो, अठरा रुपये.
ती म्हणाली, ‘माहीत शे.’

बाजारातून आली की चप्पल काढायच्या आधी
बिलामागे वाचलेला आकडा लिहिते
आणि तेवढे पैसे, मोजून,
पेटीतल्या चिल्लरच्या कप्प्यात टाकते.
बाजूला निघाले तरच वाचले म्हणायचे,
नाहीतर ते वडापावात जातात, हे तिला ठाऊक आहे,
आणि कुणाच्या वडापावात, तेही.

मागच्या आठवड्यात सहज पेटी उचलली.
जड लागली.
मी विचारलं, किती झाले गं? आणि कशासाठी?
ती भाकरी थापत होती.
मान न वळवता म्हणाली,
‘उतरताना ल्या.’

सॉसच्या तीन बाटल्या भाचीच्या पोरांनी संपवल्या.
चौथी फडताळात आहे,
मुदत केव्हाच टळलेली.
मी दोनदा फेकायला काढली.
ऱ्हाऊ द्या, म्हणते,
आणि पुसून परत समोरच ठेवते.