डाव्या अंगाची

उखर्डू भोई चांगदेवहून एदलाबादला आला
तेव्हा सायकलच्या कॅरियरला एकच फळी होती.
"बाकीची वीटभट्टीवाल्यानं नेली," म्हणाला,
"इच्यातून लहानी करून दे, मिस्तरी.
इतली, का टीव्हीवर ठुता यीन."

मी दारं करतो. पाळणे, पाट,
निवडणूक लागली की मंचाच्या शिड्या.
नाव कधी केली नव्हती.
फळी हुंगून पाहिली : डांबर, मासळी, बिडी,
आणि रंध्याचे दहा हात बसल्यावर
आतून निघाला सातपुड्याचा साग,
अजून कोरा, कडवट.

माप कुठून आणायचं?
"रुंद किती होती?"
"एक बकरी आडवी झोपे,
अन् बकरीच्या पल्याड तिची मालकीन."
"आणि लांब?"
"मेहूनच्या लग्नाचे वाजंत्री समदे मावत.
ढोल सोडून.
ढोलाची येगळी खेप."
बकरीची एक वीत धरली,
ढोल वगळला,
आणि खडूनं फरशीवर रेघ मारली.

वैशाख. दुपारी ब्रश डब्यात बुडवून
लाकडापर्यंत न्यावा तर फेविकॉल वाटेतच वाळलेला.
म्हणून पहाटे चारला उठायचं,
बॅटरी दातांत धरून
काकडीच्या सालीइतक्या पातळ पट्ट्या काढायच्या,
चहाच्या पातेल्यात उकळायच्या,
वाकवायच्या.
तीन मोडल्या.
चौथी वाकली आणि वाकलेलीच राहिली,
तेव्हा मी एकटाच हसलो.
कौसाबाई दोन दिवस डांबराचा चहा प्याली
आणि तिसऱ्या दिवशी पातेलं माझ्या अंगणात,
म्हणजे माझ्या हत्यारांत, कायमचं आलं.

सांधे केळीच्या सोपटाच्या धाग्यानं भरले.
वर राळ.
बाभळीचं वल्हं, उदबत्तीएवढं.
उखर्डू दर बाजाराला येई, उकिडवा बसे,
आणि काहीतरी राहिलेलं सांगे :
तिसऱ्या फळीला ठिगळ होतं, तेलाच्या डब्याचं.
मी बामच्या डबीचा पत्रा कापून ठोकला.
"त्याच्यावर अर्धं सूर्यफूल होतं."
तेही काढलं, खिळ्याच्या टोकानं.

जवसाचं तेल, तीन हात.
जुन्या धोतराचा बोळा, आणि
मध्ये दोन-दोन दिवस नुसतं बघत बसणं.

मग शेजारच्या म्हशीच्या हौदात सोडली.
अशी बसली पाण्यावर,
पाणसळ ठेवली असती
तर बुडबुडा मधोमध थांबला असता.
चाळीस वर्षांत माझ्या हातून
इतकं सरळ काही झालं नव्हतं.
म्हैससुद्धा प्यायची थांबली.

उखर्डूनं बिडी विझवली. बराच वेळ.
"मही नही ही."
"अरे, सूर्यफूलसुद्धा..."
"मही डाव्या आंगाला झुके.
मी डावीकडेच बसो ना, समदा जलम.
इतली सरय नव्हती ती, भो."

त्या रात्री मी त्याला शिव्या दिल्या,
कौसाबाईला ऐकू जातील इतक्या.
वाकडं काढण्याचेच तर लोक मला पैसे देतात.

सकाळी तो पायरीवर हजर.
खिशातून जाळ्याचं शिसं काढलं,
माझ्याच हातोडीनं चपटं केलं, मसुराएवढं,
आणि तळहातावर घेऊन उभा राहिला.
मी गिरमिट उचललं.
तेल प्यालेल्या, संपलेल्या नावेला
डावीकडे, आतून, एक भोक पाडलं.

हौदात ती जराशी कलली.
जराशीच, पान लागल्या गालासारखी.
मी तिच्याकडे बघत होतो,
म्हणून उशिरा दिसलं :
काठावर उभ्या उखर्डूचा उजवा खांदा
आपोआप वर गेला होता.

पैसे घेतले नाहीत. मरळ घेतली, दोन किलोची.

श्रावणात त्याच्या घरी गेलो.
डबा टीव्हीवर, कुस्तीच्या वर, ती उभी.
पण कोरड्यात शिसं काय करणार?
जवळ जाऊन पाहिलं :
उजव्या अंगाखाली
काडेपेटीची एक जळकी काडी सरकवलेली.