वहिवाट

अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये, लाल बंबाला खेटून,
चार टेबलं जोडून आम्ही शहर पसरलं.
रिओ लिंगे. माणसं एकोणीस हजार,
त्यातली त्रेपन्न आली,
भिजलेल्या कोटांच्या वासासकट.
(इथं वर्षातले दोनशे दिवस पाऊस. त्याबद्दल कुणी बोलत नाही.)

प्रत्येकाला लोकरीचा एक गुंडा, मूठभर टाचण्या.
मी म्हणाले, रोज जिथून चालता तिथून धागा न्या.
चालायला हवं तिथून नव्हे.
चालता तिथून.

बराच वेळ नुसत्या खुर्च्या करकरल्या.
मग एलिएसेर उठला, आरागिरणीतला,
उजव्या हाताची दोन बोटं गिरणीतच राहिलेला.
दातांनी निळा धागा तोडला
आणि दलदलीवर ठेवला, पट्टी लावल्यासारखा सरळ.
इथं रस्ता नाही, मी म्हणाले, चिखल आहे.
चिखलाखाली रूळ आहेत, तो म्हणाला.
गिरणी बंद पडली. आम्हाला
कुणी बंद पडायला सांगितलं नाही.

यास्ना, रात्रपाळीची नर्स,
तिचा पिवळा धागा नकाशाला वळसा घालून गेला,
नदीकडून, बँकेकडून, पुन्हा नदीकडून.
हा लांबचा आहे ना?
हो, ती म्हणाली. उजेडाचा आहे.

पोरांचे धागे बेकरीमागून निघाले,
चर्चच्या भिंतीवरून (वरूनच),
मग एका कुंपणातल्या भोकातून थेट शाळेत.
कुंपणाचे मालक ओस्वाल्दो तिथंच हाताची घडी घालून उभे.
एक टाचणी निसटली.
त्यांनी वाकून उचलली, भोकातच परत टोचली,
आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

सगळ्यांत शेवटी तेओदोलिंदा,
बाजारात नाल्काचे देठ विकते ती.
हिरवा धागा बाजारातून पुलावर,
पुलावरून बोरूत,
आणि तिथं तिनं उरलेला गुंडा तसाच ठेवून दिला.
पुढे?
पुढे माझं आहे.
बरं, परत कुठून येता?
पाटी भरली की येते.

माझ्याकडे फॉर्म होता, राजधानीतून आलेला.
लांबी, रुंदी, पृष्ठभाग, बाकडी, कचरापेट्या.
मी दिवे यास्नाच्या धाग्याऐवजी जवळच्या वाटेवर मांडले,
म्हणजे तिचा वळसा वाचेल.
कुंपणाला फाटक मांडलं.
एलिएसेरच्या रुळांवर लाकडी फळ्या.
नगरपालिकेचा वकील म्हणाला, जमीन कंपनीची आहे,
वहिवाट सिद्ध करा.
एलिएसेरनं त्याला पहाटे सहाला गाठलं,
मुलाचे गमबूट दिले, आणि चल म्हणाला.
दहा वाजता वकील परतला, मांड्यांपर्यंत चिखल,
सही केली, आणि दिवसभर कुणाशी बोलला नाही.

राहिला बोरूचा तुकडा.
क्षेत्र क्रमांक सात, मी लिहिलं: इथं काही करू नये.
इंजिनियरनं विचारलं, काही न करायला खर्च किती?
मी शून्य भरलं. संगणक शून्य घेईना.
मी एक पेसो भरला.
पाच आठवड्यांनी राजधानीतून पत्र आलं:
सदर एक पेसोचं तपशीलवार अंदाजपत्रक जोडावं.

मी जोडलं. तीन पानं.
काळ्या मानेचे हंस, त्यांची घरटी, पाण्याची पातळी,
तिचं नाव कुठंच नाही.
तिनं सांगितलं नव्हतं म्हणून
मला जेवढं माहीत नव्हतं,
तेवढं सगळं मी मोकळं सोडलं,
समासासारखं.

नोव्हेंबरात फळ्या झाल्या, फीत कापली गेली,
फीत कापणारे मोटारीनं आले, मोटारीनं गेले.
दुसऱ्या दिवशी बाजारात तेओदोलिंदानं
एक देठ सोलून मीठ लावून माझ्या हातावर ठेवला.
तिचे बूट गुडघ्यापर्यंत ओले.
मी विचारलं नाही. पैसे देऊ केले, तिनं घेतले,
मोजले,
आणि म्हणाली,
तुमच्या त्या फळ्या घसरतात हो.