पिग्मी

दहाच्या ठोक्याला मशीन खांद्याला लावून मी निघते.
पापाची तिकटी, गंगावेस, शुक्रवार पेठ.
एकशे चौदा खाती, कुणाचे वीस, कुणाचे पन्नास,
आणि मशीनमधून पावती निघेपर्यंत
ज्याला त्याला माझ्यासाठी एक औषध आठवतं.

चपलांच्या दुकानातल्या अक्काताई म्हणतात,
शिवलिंगीचं बी घे, पाच दिवस, उपाशीपोटी,
आणि गाय गोऱ्हा झालेलीच पाहिजे बघ दुधाला.
गुळाचे अडत्ये मगदूम वर न बघता:
काळं तीळ खा पोरी, पण गूळ आमच्यातला ने.
कट्ट्यावरचा बाळू म्हशीखालचा ग्लास तसाच पुढं करतो,
फेसाळ, कोमट,
आणि त्याचे पैसे काही केल्या घेत नाही.
हेही औषधच असणार.

सात वर्षांत मी कुणालाच नको म्हणाले नाही.
कडू प्याले, तुरट चघळलं,
फळघृताचा तो तुपकट वास
नोटांनासुद्धा लागला असेल.
पोटावर एरंडेलाच्या घड्या ठेवून झोपले,
भिंतीला पाय लावून झोपले,
एका मंगळवारी तर
नुसतीच झोपले, कुणाला न सांगता,
दुपारचे तीन तास.

वैद्य हुक्केरीकरबाईंचा जिना लाकडी, अरुंद.
त्यांनी नाडीवर बोटं ठेवली आणि
बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या.
जेवता कधी? तीनला.
बसून? स्कूटरवरच, बहुतेक.
मग म्हणाल्या: ऋतू, क्षेत्र, पाणी, बीज,
चार गोष्टी लागतात बाई.
सात वर्षं तुम्ही सगळे मिळून
एकट्या क्षेत्रालाच खत घालताय.
नवरा कुठाय?
खाली, गाडीवर.
वर बोलवा.

धैर्यशील वर आला, दारात चप्पल सरळ करत बसला.
काय काम करता?
शिरोलीला. भट्टीवर.
किती तास?
आठ. ओव्हरटाइम असला तर बारा.
बाईंनी पेन खाली ठेवलं.
तालमीत मोडलेले त्याचे कान
हळूहळू लाल झाले,
आणि तो फरशीला म्हणाला,
ह्ये आमाला आजवर कुणी इचारलंच न्हाई.

आधी मोठ्या दवाखान्यात तपासणी करून या दोघं,
बाई म्हणाल्या,
माझ्या पुड्या रिपोर्टचं काम करत नाहीत.

आता फळीवर दोन बरण्या आहेत.
माझी शतावरी, त्याची अश्वगंधा.
माझ्या बरणीला त्याचा चमचा लागतो,
त्यावरून आम्ही भांडतो, आणि हे भांडण मला आवडतं.
भट्टी सुटली, साच्यांकडं बदली झाली,
पगारातून तीन हजार गेले.
सासूबाईंना कारण सांगितलं नाही.
त्या अजून शुक्रवारी ओटीसाठी मलाच हाक मारतात,
पण गेल्या खेपेला खण-नारळाचं ताट
हा आपणहून घेऊन पुढं चालू लागला,
आणि सासूबाई मागं, पदर सावरत, गप्प.

पहाटे रंकाळ्याला दीड फेरी.
दुसरी पुरी होत नाही, मला ड्यूटी असते.
रात्री तिळाचं तेल कोमट करून
मी त्याच्या पाठीला लावते.
दंडांवर ठिणग्यांचे बारीक डाग,
बोटांना आता ते अंधारातही पाठ झालेत.
मग तो माझे तळपाय घेतो.
दिवसभर जिने चढलेले तळपाय.

परवाच्या रिपोर्टात आकडा वर सरकलाय.
थोडाच.
बाईंनी पेढे मागितले नाहीत, आम्ही दिले नाहीत.

एकशे पंधरावं खातं माझं आहे.
रोजचे वीस, कुणाला माहीत नाही.
उघडलं तेव्हा वारसाची ओळ कोरी सोडली होती,
पुढं लागेल म्हणून.
काल पतसंस्थेत गर्दी नव्हती.
फॉर्म मागून घेतला,
त्या ओळीत धैर्यशीलचं नाव लिहिलं.
नातं: पती.
क्लार्क म्हणाला, नंतर बदलता येतं, मॅडम.
म्हटलं, माहीत आहे.