कच

कुंभारीच्या वळणावर रात्री टँकर गळला,
मळी सांडली पाऊण फर्लांग,
वर पौषाचं दव.
साडेपाचची अक्कलकोट गाडी माझी.
ब्रेकवर पाय ठेवला
तर मागचं चाक आपल्या मनानं
शेताकडं निघालं.

थांबलो. झेंडगे कंडक्टर उतरला,
तो पुढं गेला, चप्पल तिथंच राहिली.

दिव्यांच्या उजेडात एक बाई,
डोक्याला पुरुषाचा मफलर,
घमेल्यातली कच टाकत होती
मनगट हलकं ठेवून,
परातीत पीठ भुरभुरावं तशी.
तिथं भाकरी चिकटू नये म्हणून,
इथं चाक चिकटावं म्हणून.
"हळू ने रे," म्हणाली, "तुझ्यात माणसं हैत."
तुझ्यात.
गाडीत नाही म्हणाली.

पहिल्या गियरात काढली.
टायरखाली कर्र, कर्र.
असला आवाज कुणाला गोड लागेल?
मला लागला.

आठवड्यात मळी वाळली, कच उरली.
मोटारसायकलवाले आता तिच्यावरच घसरायचे,
उठून, गुडघे झटकून
टाकणाऱ्याच्या नावानं शिव्या द्यायचे.
उसाच्या ट्रॉलीमागून एक खडा
माझ्याही काचेवर आला,
डाव्या कोपऱ्यात चांदणी पडली.
डेपोत लिहून दिलं : खडा उडाला.
कच कुणी टाकली, ते लिहिलं नाही.

आता गड्डा उठून महिना झाला,
ऊन तापायला लागलंय,
रस्ता झाडल्यासारखा साफ.
तरी त्या वळणावर
ॲक्सिलरेटरवरचा पाय आपोआप उचलतो.
नवा कंडक्टर हसतो,
"काका, कच खाल्ली की!"

खाल्ली, म्हणतो.
अजून दाताखाली येते.